मुलाच्या मलमाचे पैसे ईएसआयमधून: आधी कागद, मग ट्यूब

पाऊस लागला की आमच्या टाइम ऑफिसच्या खिडकीत हमखास एक कागद येतो. मेडिकलचं बिल, मागच्या बाजूला पेनानं पोराचं नाव, आणि सोबत विनंती: "ताई, एवढं ईएसआयला लावा की." मी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत अकरा वर्षं ईएसआयचे, म्हणजे राज्य कामगार विम्याचे, कागद बघते. अशी बिलं मला परत द्यावी लागतात आणि दर वेळी जीव तुटतो, कारण समोरचा माणूस खोटं बोलत नसतो. पोराची खाज खरी असते, खर्च खरा असतो, पगारातली कपातही खरी असते. चूक होते ती क्रमात. आधी ट्यूब घेतली जाते आणि मग तिच्यासाठी कागद शोधला जातो. ईएसआयमध्ये हे उलटं चालतं. आजार आणि औषध आधी कागदावर यावं लागतं, ट्यूब त्याच्या नंतर.

खाली जे लिहिलंय ते ज्यांचा पगारातून ईएसआय कापला जातो त्यांच्यासाठी आहे. बाकीच्यांसाठी शेवटी वेगळा भाग दिला आहे, तो वाचा.

## सुरुवातीलाच: कोणतं कार्ड कशाला चालतं

इथेच निम्मी माणसं चुकीच्या खिडकीत जातात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचं कार्ड आता जवळजवळ घरोघरी आहे. 1 जुलै 2024 पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण ही योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या, ठरवून दिलेल्या उपचारांसाठी आहे. बाहेरच्या बाहेर तपासून लिहून दिलेलं मलम, लोशन, पावडर त्यात बसत नाही. आरोग्यमित्राशी, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाशी, वाद घालून उपयोग नाही, त्याच्या हातात ते नाही.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची वैद्यकीय प्रतिपूर्ती ठरावीक आकस्मिक आणि गंभीर आजारांसाठी असते. पोराच्या इसबाचं मलम त्यात शोधू नका.

बाह्यरुग्ण तपासणी, औषधं आणि दाखल होऊन उपचार हे सगळं एकाच कार्डावर देणारी, आपल्या कामगारांच्या हातातली योजना म्हणजे ईएसआय, राज्य कामगार विमा. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ती लागू आहे, अपंग कामगारांना 25,000 पर्यंत. ही मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरत नाहीत. दोन महिने ओटी जास्त झाला म्हणून "आता माझं ईएसआय गेलं" असं समजून दवाखान्यात जायचं सोडून देणारे मी पाहिलेत. तसं नसतं.

हा हक्क काही फुकट मिळालेला नाही. 18,000 पगारावर तुमचे पाऊण टक्का म्हणजे 135 रुपये कापले जातात, मालक सव्वातीन टक्के म्हणजे 585 भरतो. महिन्याला 720 रुपये तुमच्या नावावर जमा होतात. मग दोनशे-चारशेच्या मलमासाठी खिशात हात घालायची पाळी का यावी?

## टप्पा 1: पोर कार्डावर आहे का, हे आज बघा

आजारपण आल्यावर नाही, आजच.

ई-पहचान कार्डाची, म्हणजे ईएसआयच्या ओळखपत्राची, छापील प्रत काढा. कामगाराचा दहा आकडी विमा क्रमांक, घरच्यांची नावं, जन्मतारखा आणि फोटो त्यावर असतात. लग्नाआधी कामाला लागलेल्यांच्या कार्डावर बहुतेक वेळा आई-वडीलच असतात. पोर चार वर्षांचं झालं तरी त्याचं नाव चढलेलं नसतं. नाव नसेल तर ईएसआयच्या दवाखान्यातून औषधही नाही आणि पैसेही नाहीत.

नाव चढवायला लागतं ते एवढंच: जन्मदाखला, पोराचं आधार आणि फोटो. हे कंपनीच्या टाइम ऑफिसात किंवा ठेकेदाराकडे द्या, ते पोर्टलवर भरतात. नवीन प्रत निघाली की तिच्यावर कंपनीचा सही-शिक्का घ्या.

तिथेच उभं राहून चार गोष्टी तपासा:

1. नावाचं स्पेलिंग जन्मदाखल्यावर, आधारवर आणि कार्डावर सारखं आहे का. एक अक्षर इकडचं तिकडं झालं की पुढं बिल अडकतं.
2. जन्मतारीख बरोबर आहे का. 
3. कुटुंबासाठी ईएसआयचा कोणता दवाखाना लावलाय. हे फार जणांना माहीत नसतं: कामगाराचा दवाखाना वेगळा आणि कुटुंबाचा वेगळा ठेवता येतो. तुम्ही शिरोलीत कामाला आणि बायको-पोरं गावाकडं असतील तर कुटुंबाचा दवाखाना त्यांना जवळचा घ्या.
4. वर्गणी भरली जातेय का. मागच्या महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते. ठेकेदाराकडं असाल तर हे दर दोन-तीन महिन्यांनी पोर्टलवर किंवा उमंग ॲपवर स्वतः बघा. पगारपत्रकात कपात दिसते म्हणून ती भरली गेलीच असं धरून चालू नका.

सावधान: पगार मध्येच 21,000 च्या वर गेला तरी लगेच हक्क जात नाही. वर्गणीचे दोन कालखंड असतात, 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. जूनमध्ये पगार वाढला तर 30 सप्टेंबरपर्यंत वर्गणी चालूच राहते आणि तिच्या पोटी मिळणारा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत चालतो. टाइम ऑफिसातल्या माणसानं "तुझं बंद झालं" म्हटलं तर त्याला ही तारीख दाखवा.

## टप्पा 2: मेडिकलमध्ये जायच्या आधी दवाखान्यात जा

आपल्याकडची सवय अशी की पोराच्या मांडीवर चट्टा दिसला की आई किंवा बाप फोटो काढतो, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये दाखवतो आणि दुकानदार देईल ती ट्यूब आणतो. ती दोन तोटे करते. पैशाचा तोटा असा, की चिठ्ठीशिवाय घेतलेल्या औषधाचा एक रुपयाही परत मिळत नाही आणि नंतर चिठ्ठी आणली तरी तिची तारीख बिलाच्या पुढची येते.

दुसरा तोटा पोराच्या कातडीचा. नायट्यावर दिल्या जाणाऱ्या कितीतरी ट्यूबांमध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असतं. स्टिरॉइडमुळं दोन दिवसांत लाली आणि खाज कमी होते, घरच्यांना वाटतं गुण आला. आतून नायटा पसरत राहतो आणि ट्यूब बंद केली की दुप्पट होऊन वर येतो. लहान मुलाची कातडी पातळ, त्यामुळं ती आणखी पातळ पडते, रेघा उमटतात. 2018 मध्ये सरकारनं स्टिरॉइडची अशी 14 मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायची. तरीही ती हातोहात मिळतात. ट्यूबवर डाव्या बाजूला लाल उभी रेघ आणि 'आरएक्स' दिसलं तर ती चिठ्ठीशिवाय पोराला लावू नका.

दवाखान्यात जाताना पोराला सोबत न्या. "फोटो आहे मोबाइलमध्ये" हे चालवून घेऊ नका, तुम्हीही आणि डॉक्टरांनीही. सोबत न्यायचं: कार्डाची प्रत, आधार, जुना केसपेपर असेल तर तो, आणि आतापर्यंत जे जे लावलंय त्या सगळ्या ट्यूबा. संपलेल्या आणि अर्धवट पिळलेल्यासुद्धा. घरगुती काही लावलं असेल, खोबरेल, हळद, कडुनिंबाचा पाला, तेही सांगा. लाजू नका. डॉक्टरांना त्यावरूनच कळतं की हा चट्टा मूळचा आहे की आधीच्या ट्यूबनं बिघडवलेला.

पाळीचं गणित आधी बसवा. दवाखान्याची वेळ आणि पहिली पाळी एकमेकांना आडवी येते. कार्डावर कुटुंबाचं नाव आणि फोटो असला की कामगार स्वतः असायलाच पाहिजे असं नाही, आई किंवा आजी पोराला घेऊन जाऊ शकते. त्यासाठी खाडा करू नका.

थांबा, हे आधी: अंगभर फोड, ताप, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा, चेहऱ्यावर सूज, श्वास लागणं, पुवाची जखम झपाट्यानं पसरणं यातलं काहीही असेल तर हा सगळा लेख बाजूला ठेवा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयात पळा. कोल्हापूर शहरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, आहे. कागद नंतर करता येतात.

## टप्पा 3: केसपेपरवर काय लिहून आलं पाहिजे

सगळ्यात जास्त क्लेम इथे मरतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डॉक्टरांसमोर रांग असते. ते घाईत 'क्रीम, दिवसातून दोनदा' एवढं लिहितात. पोराला बरं वाटायला तेवढं पुरेल, दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीवर पुरत नाही. कागद हातात आल्यावर दारातच वाचा आणि कमी असेल ते तिथेच लिहून घ्या. उद्या परत जाल तर तारीख बदलते, कधी डॉक्टरही बदलतात.

कागदावर हवं: पोराचं पूर्ण नाव, वय, वजन. आजाराचं नाव. नुसतं 'खाज' किंवा 'पुरळ' नको. इसब, खरूज, नायटा, लंगोटाचे चट्टे, जे असेल ते डॉक्टरी भाषेत. औषधाचं मूळ नाव, कंपनीचं नाही. त्याची टक्केवारी. क्रीम, ऑइंटमेंट की लोशन, कारण तिन्ही वेगवेगळी औषधं धरली जातात. कुठे लावायचं, दिवसातून किती वेळा, किती दिवस. डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, तारीख.

आणि एकूण ग्रॅम. हे बहुतेक कागदांवर नसतंच. माझ्या मुलाला लहानपणापासून इसब आहे, त्यामुळं हे मला घरातच शिकायला मिळालं. कोपर, गुडघ्यामागचे खड्डे, मान, सगळं कोरडं पडून भेगाळायचं. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं पॅराफिनचं मलम, दिवसातून तीनदा, अंगभर. मला 30 ग्रॅमची एक ट्यूब मिळाली आणि ती तिसऱ्या दिवशी संपली. अंगभर कोरडेपणा असलेल्या मुलाला आठवड्याला दोनशे ग्रॅमच्या आसपास मलम लागू शकतं. कागदावर आकडा नसेल तर खिडकीवरचा माणूस एक ट्यूब देणार, त्याची चूक नाही. मी परत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, "मॅडम, महिन्याचं किती लागेल ते ग्रॅममध्ये लिहून द्या." त्यांनी लिहिलं. त्यानंतर मला मध्येच विकत आणावं लागलं नाही.

आजारागणिक थोडं वेगळं आहे.

इसब. कोरडेपणाचं मलम हेच रोजचं औषध, स्टिरॉइड थोड्या दिवसांपुरतं. दुकानात कोरडेपणाच्या मलमाला चिठ्ठी मागत नाहीत म्हणून सगळे ते सौंदर्यप्रसाधनात धरतात. व्हाइट सॉफ्ट पॅराफिन, लिक्विड पॅराफिन ही भारतीय औषधसंहितेतली (इंडियन फार्माकोपिया) नावं आहेत, नावापुढं 'आयपी' असतं. डॉक्टरांना तीच नावं लिहायची विनंती करा. 'बेबी लोशन' लिहिलं की खेळ संपला.

खरूज. पोराला झाली म्हणजे घरात सगळ्यांवर औषध लावायचं, एकाच रात्री. खाज नसलेल्यानंही लावायचं. एकट्या पोरावर लावाल तर पंधरा दिवसांत ती परत येणार. परमेथ्रिन 5 टक्के क्रीम रात्री मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावून सकाळी आंघोळ, आठवड्यानं पुन्हा एकदा. अगदी लहान बाळांच्या बाबतीत डॉक्टर वेगळं सांगतात, त्यांना विचारल्याशिवाय लावू नका. कागदाची गोम अशी की औषध माणशी मिळतं. मोठ्या माणसाला एका वेळेला 30 ग्रॅमची एक ट्यूब लागते. म्हणून घरातले कार्डावरचे सगळे एकाच दिवशी दवाखान्यात जा आणि प्रत्येकाचा वेगळा केसपेपर काढा. आजी-आजोबा कार्डावर अवलंबित म्हणून नसतील तर त्यांची ट्यूब तुम्हाला घ्यावी लागेल, ती मात्र घ्याच, वगळू नका. अंथरूण-पांघरूण, टॉवेल, शाळेचा गणवेश गरम पाण्यानं धुऊन उन्हात. पावसाळ्यात ऊन नसेल तर कपडे पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस बाजूला ठेवा.

नायटा. साधं क्लोट्रिमाझोल असेल तरी दोन ते चार आठवडे लावावं लागतं, चट्टा गेल्यावरही काही दिवस. कागदावर 'सात दिवस' असेल तर सात दिवसांचंच मिळतं. दिवस विचारून घ्या.

घामोळं, लंगोटाचे चट्टे, उवा. कॅलामाइन, झिंक ऑक्साइड, उवांसाठी परमेथ्रिन 1 टक्का. स्वस्त औषधं आहेत आणि कॅलामाइन, परमेथ्रिन, क्लोट्रिमाझोल ही राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतही आहेत, त्यामुळं ती खिडकीवर मिळण्याची शक्यता चांगली. नुसतं मागा.

साबण, पावडर, तेल, वाइप्स, सनस्क्रीन यांच्या मागे लागू नका. औषधी शाम्पू, उदाहरणार्थ किटोकोनाझोलचा, आजाराच्या नावासह औषध म्हणून लिहिला असेल तर तो विचारून बघा.

## टप्पा 4: खिडकीवर औषध मागा, पैसे नव्हे

माणसं दवाखान्यातून कागद घेऊन थेट मेडिकलला जातात आणि मग क्लेम करतात. हा लांबचा रस्ता. पहिला हक्क औषधाचा आहे, पैशाचा नाही. कागद आधी दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीवर द्या.

मिळालं तर काम तिथंच संपलं. मूळ नाव तेच आणि टक्केवारी तीच असेल तर कंपनी वेगळी म्हणून नाकारू नका. ट्यूबची मुदत बघा. बॅच नंबर आणि मुदत ट्यूबच्या दुमडलेल्या टोकावर ठशानं दाबलेली असते. आपण खालून गुंडाळत ट्यूब पिळतो, म्हणजे पहिल्याच आठवड्यात ती आत जाते. घरी आल्याबरोबर त्या टोकाचा फोटो काढून ठेवा.

शिल्लक नसेल तर विचारायचा प्रश्न असा: "स्थानिक खरेदीतून मागवून द्याल का, आणि कधी येऊ?" साठ्यात नसलेलं औषध दवाखान्यानं बाहेरून मागवून द्यायची सोय असते. दोन-चार दिवस थांबता येण्यासारखं असेल तर थांबा. कोरडेपणाच्या मलमाला थांबता येतं. खरजेला थांबू नका.

स्थानिक खरेदीही होत नसेल तेव्हाच बाहेरून घ्यायचं. त्याआधी केसपेपरवर त्या औषधापुढं 'उपलब्ध नाही' असा शेरा, तारीख, सही आणि शिक्का घ्या. हा शेरा म्हणजे तुमच्या क्लेमचा पाया. तोंडी "नाही हो, बाहेरून घ्या" याला काही किंमत नाही, सांगणारा माणूस कितीही चांगला असला तरी.

तपासणी: खिडकी सोडायच्या आधी कागदावर तीन गोष्टी आहेत का? औषध आणि ग्रॅम. 'उपलब्ध नाही'चा शेरा. दोन्हींवर आजची तारीख. एक जरी नसेल तर मेडिकलला जाऊ नका.

## टप्पा 5: कातडीच्या डॉक्टरांकडं जायचं असेल तर

दवाखान्यात गुण येत नसेल तर तिथल्याच डॉक्टरांकडून रेफरची चिठ्ठी घ्या. राजारामपुरीतल्या किंवा शाहूपुरीतल्या खासगी कातडीच्या डॉक्टरांकडं आपल्या मनानं जाऊन पाचशे रुपये फी आणि आठशेची औषधं आणली, तर त्यातलं काही परत येत नाही. डॉक्टर कितीही नावाजलेले असोत.

रेफर झालेल्या ठिकाणी तज्ज्ञ जे लिहून देतील तो कागद घेऊन पुन्हा आपल्या दवाखान्यात यायचं आणि तिथं तो चढवून घ्यायचा. हा परतीचा हेलपाटा माणसं टाळतात आणि मग तज्ज्ञांच्या कागदावरचं औषध कुठल्याच नोंदीत नसतं.

## टप्पा 6: बिल असं घ्या

मेडिकलमध्ये घाई करू नका, दुकानदाराला आधीच सांगा: "क्लेमचं बिल पाहिजे."

बिलावर पोराचं नाव हवं, 'कॅश' नको. डॉक्टरांचं नाव. औषध, बॅच, मुदत, नग, किंमत. दुकानाचा औषध परवाना क्रमांक. फार्मासिस्टची सही आणि शिक्का. तारीख केसपेपरची किंवा त्यानंतरची.

क्लेमच्या औषधांचं बिल वेगळं करा. त्याच बिलात साबण, डायपर, बिस्किटचा पुडा आला की तपासणारा आधी लाल पेन काढतो आणि मग सगळ्याच ओळींवर शंका येते. दुकानदारानं "हे नाही, पण यापेक्षा भारी आहे" म्हणून दुसरी ट्यूब दिली तर घेऊ नका. कागदावर एक आणि बिलावर दुसरं, हा क्लेम उभाच राहत नाही. त्याच मूळ नावाची, त्याच टक्क्याची दुसऱ्या कंपनीची असेल तर हरकत नाही.

आता माझ्यावर ओढवलेलं सांगते, म्हणजे तुमच्यावर येणार नाही. मुलाच्या मलमाची तीन महिन्यांची बिलं मी स्वयंपाकघरात, शेगडीच्या वरच्या फळीवर एका डब्यात ठेवली होती. सगळी त्या गुळगुळीत, चकाकणाऱ्या कागदावरची. क्लेम भरायला डबा उघडला तर एक कागद काळा पडलेला, दुसऱ्यावर फक्त दुकानाचं नाव, तिसरा कोरा. त्या कागदावर शाई नसतेच, उष्णतेनं अक्षरं उमटतात आणि उष्णतेनंच जातात. फौंड्रीत शर्टाच्या खिशात बिल ठेवून पाळी केलीत तर घरी येईपर्यंत तेच होईल. बिल मिळालं त्याच दिवशी झेरॉक्स काढा, झेरॉक्स आणि मूळ बिल एकत्र टाचून ठेवा, फोटो वेगळा. प्लास्टिकच्या पाकिटातही ठेवू नका, त्यानंही अक्षरं पुसट होतात.

## टप्पा 7: क्लेम भरणं

आता हे सोपं आहे, कारण अवघड भाग आधीच झाला. कागदांचा क्रम असा लावा: वर प्रतिपूर्तीचा अर्ज, मग केसपेपर आणि त्यावरचा शेरा, मग बिलं तारखेप्रमाणं, मग ई-पहचान कार्डाची प्रत, पोराच्या आधारची प्रत, शेवटी बँक पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक. खातं विमाधारक कामगाराचं असावं. मूळ बिलं द्यावी लागतात, म्हणून पूर्ण संचाची एक झेरॉक्स आपल्याकडं.

प्रत्येक बिलाच्या मागं कामगाराची सही करा. एकूण रक्कम स्वतः बेरीज करून अर्जावर लिहा. बेरीज चुकली म्हणून परत आलेले अर्ज मी स्वतः बघितलेत, आणि एकेक अर्ज परत येणं म्हणजे एकेक रजा.

महिन्याचं महिन्याला भरा. वर्षभराचं साठवून एकदम देऊ नका, जुनी बिलं तपासताना शंका जास्त काढल्या जातात.

देताना पोच घ्या. आपल्या झेरॉक्सवर 'मिळाले', तारीख, शिक्का. पोच देत नसतील तर तोच संच स्पीड पोस्टानं पाठवा.

## अडलं तर कुठं बोलायचं

दवाखान्यातल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी द्या. तोंडी भांडण करू नका. तिथं बसलेली माणसं रोज दोनशे जणांचं ऐकतात, तुमचं तोंडी म्हणणं संध्याकाळी कुणाच्याच लक्षात राहत नाही. त्यानंतर शाखा कार्यालय. तक्रारी ऐकायला ईएसआयची 'सुविधा समागम' नावाची बैठकही होते, तिची तारीख शाखा कार्यालयात विचारा आणि कागद घेऊन जा. फोनसाठी 1800-11-2526 हा टोल-फ्री क्रमांक. केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर अर्ज टाकता येतो, तिथं क्रमांक मिळतो. क्लेमचं काय झालं हेच कळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

## ईएसआय नसेल तर

ज्यांचा ईएसआय कापला जात नाही, शेतावर, हातमागावर, घरकामाला, छोट्या दुकानात, त्यांनी बिलाच्या मागे न लागता औषध फुकट मिळतं तिथं जावं.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरचे पैसेही नाहीत. टप्पा 3 मधलं सगळं इथंही लागू: ग्रॅम लिहून घ्या, दिवस लिहून घ्या.

अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत पोर असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. त्यांच्या तपासणीच्या यादीत खरूज, बुरशी आणि इसब ही तिन्ही नावानं आहेत. शिक्षिकांना आधी सांगून ठेवा की आमच्या पोराची कातडी बघायला सांगा, नाहीतर गणवेशाखालचं कुणाला दिसणार? पथक ज्या रुग्णालयात पाठवेल तो कागद जपा.

विकतच घ्यावं लागलं तर चिठ्ठी घेऊन आधी जनऔषधी केंद्रात जा. मूळ नावानं मागा.

एवढं करून फुले योजनेचं कार्ड कधी लागतं? औषधानं अंगावर फोड येऊन कातडी सोलवटली, जखमेतून संसर्ग रक्तात गेला आणि पोराला दाखल करावं लागलं, तर. तेव्हा योजनेतल्या रुग्णालयात पोचल्या पोचल्या आरोग्यमित्राला गाठा, रेशनकार्ड आणि पोराची ओळख दाखवा. घरी सोडल्यानंतर 10 दिवसांपर्यंतची औषधंही त्याच उपचारात धरलेली असतात, त्यात मलमसुद्धा येतं. डिस्चार्जच्या कागदावर ते लिहिलंय का, हे वॉर्ड सोडायच्या आधी बघा.